काळ्या हाताची सोयरीक

आमगाव, जिल्हा गोंदिया
सोमवार, दुपार

आमच्या गाडीचे सारथी, खड्डे चुकवण्यात साऱ्या डेपोत पहिले, हल्ली मुक्काम राजनांदगाव, श्री. चंद्रकुमारजी यांस मागल्या दरवाजातून कंडक्टर उदारामचा रामराम. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापे, आणि सुनेला सांग की तिने मागे पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे. तुझा डावा गुडघा (क्लच दाबून दाबून गेलेला) आता कसा आहे? पोराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तू अजून पायाखालची मॅटिंग दाबतोस असं वहिनी म्हणत होत्या. दाबू नको. तिथं ब्रेक नाही, आणि ते पोरगं तुझ्यापेक्षा हळू चालवते. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. निर्मलाबाईचं मागल्या वर्षीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, तिला आता माझे सगळे दोष स्पष्ट दिसतात.

पत्र लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात तू फोन केलास, मला शिव्या दिल्यास आणि ठेवून दिलास. मध्ये मी तीनदा "अरे पण" म्हणालो, तेवढंच माझं बोलणं झालं. डेपोतल्या भुवनेश्वर मेकॅनिकने तुला सांगितलं म्हणे, की उदाराम म्हातारपणी शिंपी झाला, घरात बादल्या भरून घाण करतो, आणि त्यापायी पोरीची सोयरीक मोडली. भुवनेश्वर इंजिनचा आवाज ऐकून सांगायचा की बिघाड कुठे आहे, आणि बिघाड नेहमी दुसऱ्याच जागी निघायचा, हे तू विसरलास काय? तेव्हा आता बस, चष्मा लाव आणि जे झालं ते क्रमाने वाच. पत्राला "अरे पण" म्हणता येत नाही हा त्यातला मोठा फायदा.

पहिली गोष्ट, मी शिंपी नाही. शिंपी पँट शिवतो. मी काय शिवतो हे मला माहीत नाही, आणि सारी भानगड तिथूनच सुरू होते. निर्मलाबाईच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हाची गोष्ट. मच्छरदाणीला भोक पडलं होतं आणि तिला सुईत दोरा घालता येईना. मी आपला बसलो, जुन्या परकराचा एक तुकडा घेऊन भोकावर लावला. आता माझा हात तुला माहीत आहे, सरळ रेघ मला तिकिटांच्या वेबिलावरही कधी जमली नाही. तुकडा असा काही वाकडातिकडा बसला की पाहिलं तर ती मासोळी! अगदी तोंड उघडं टाकलेली. आता मासोळी झालीच आहे तर शेपूट काऊन नको, असं मनात आलं. शेपूट लावलं. शेपूट आहे तर पाणी पाहिजे. निळा दोरा काढला आणि लाटा घालत बसलो. मान वर केली तर दिवेलागण झाली होती आणि भातावर झाकण ठेवायला तिने मला कितीदा हाक मारली हे मला कळलंच नव्हतं. तिची पट्टी सुटली त्या सकाळी तिने डोळे उघडून पहिली वस्तू पाहिली ती ही मासोळी. नवऱ्याकडे पाहायच्या आधी. म्हणाली, "हे कायचं हाये जी? मच्छरदाणीत मासोळ्या कायले?" पण मित्रा, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुई घेऊन बसलो. तो दोरा पुढे कुठे जातो हे पाहायची मला इतकी उत्सुकता लागली होती की काय सांगू. जन्मभर आपल्याला पुढचा थांबा माहीत असायचा. इथे माहीत नव्हता.

मग अंगणापलीकडची खोली, जिथे शिकवणीवाले मास्तर भाड्याने राहात होते, ती रिकामी झाली होती. जुनं दार दोन ड्रमांवर आडवं टाकलं की टेबल झालं. घराघरातून जुनी लुगडी, फाटकी धोतरं, माझे खाकी पँट (निर्मलाबाईने भांडेवालीसाठी बांधून ठेवलेले, ते सोडवून आणले) असा माल जमा केला. दुर्गेश्वरी गोंद्याच्या दवाखान्यात नर्स आहे हे तुला माहीतच आहे, ती सुट्टीला आली आणि ती खोली पाहून म्हणाली, "बाबा, हा तर तुमचा स्टुडिओ झाला." आणि हौसेने दारावर निळ्या रंगात "स्टुडिओ" लिहून गेली. पोरगी ड्यूटीवर गेली आणि इकडे लोक पासपोर्ट साइज फोटो काढायला येऊ लागले. एक म्हातारेबुवा तर कोट घालून, तोंडाला पावडर लावून, सायकलवर आले होते. त्यांना परत पाठवणं जिवावर आलं. मी म्हणालो, बाबाजी, फोटो नाही निघत, पण बसा, चार टाके घाला. ते खरंच बसले. कोट काढून ठेवला आणि एका तुकड्यावर त्यांनी कोंबडा काढला. (पाय तीन झाले. मी विचारलं तर म्हणाले, "एक पुढच्या पावलाचा हाये.") फोटोचं विसरूनच गेले आणि जाताना मला धन्यवाद देऊन गेले.

रंगाचं वेड त्यानंतरचं. आपण लहानपणी सागाचं कोवळं पान हातावर चोळून रक्त आल्याचं सोंग करायचो, आठवते? मागच्या आषाढात मला वाटलं, जे हातावर उमटते ते कापडावर काऊन उमटणार नाही? पानं धोतराच्या तुकड्यात ठेवली, गुंडाळी केली, दोरीने आवळली आणि भात शिजवायच्या मोठ्या गंजात वाफेवर ठेवली. दुपारी सोडून पाहतो तर पानाची शिरन् शीर जांभळी उमटलेली! मी एकटाच ओरडलो. निर्मलाबाई धावत आली, तिला वाटलं पोळलो. कापड पाहून म्हणाली, "चांगलं हाये. गंज कोणता वापरला?" पुढचं लिहीत नाही. पण तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीचा रंग आत काय आहे हे पाहायची चटक लागली. पळसाची फुलं केशरी दिसतात पण पिवळा देतात. कांद्याचं टरफल तर नुसतं सोंगाडं आहे, रोज वेगळा रंग देते. दुर्गेश्वरी मोबाईलवर व्हिडिओ लावून द्यायची. त्यात एक परदेशी बाई कुठल्याशा भाषेत बोलत असते. मला एक शब्द कळत नाही म्हणून मी नुसते तिचे हात पाहतो, आणि हातांचं सगळं कळते. हळू कामाची बाई आहे. एका पानाच्या काठाने टाके घालायला तिला आठवडा लागतो आणि तिला त्याची लाज नाही. आपण पाच मिनिटं लेट झालो तर पूर्ण स्टँड आपल्याला खायला उठायचा. मी त्या बाईकडे पाहून पाहून घाई सोडली.

आता मुद्द्यावर येतो. (आलोच. थोडं थांब, रंगाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.) गंजके खिळे, गुळाचा खडा आणि पाणी एका बादलीत घालून झाकून ठेवलं की काही दिवसांत लोखंडाचं पाणी तयार होते. दिसायला गढूळ, तपकिरी, वासाला आंबलेलं. दुसरीकडे देवरीच्या बाजारातून हिरडे आणायचे, कुटून भिजवायचे आणि त्यात कापड बुडवून काढायचं. ते पिवळट दिसते, एखाद्या जुन्या टॉवेलसारखं. एकटं लोखंडाचं पाणी निरुपद्रवी. एकटा हिरडाही निरुपद्रवी. पण दोघांची गाठ पडली की कापड डोळ्यादेखत काळं होते. धुतलं तरी जात नाही. आता पुढे काय झालं ते तुझ्या लक्षात येऊन राहिलं असेल.

होळी झाली आणि गोंद्याहून स्थळ चालून आलं. इंद्रकुमार म्हणून आहेत, मार्केटात हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे, दाराचे कब्जे, साखळ्या, तीन पिढ्यांचं. त्यांच्या पत्नी गीताबाई. मुलगा हेमेंद्र पुण्याला कंपनीत. फोटो चांगला, घर चांगलं, निर्मलाबाई हवेत. पोरगी पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने मला उभं करून सांगितलं, "पोरगी पाहाले लोक येऊन राहिले. ते तुमचं चिंध्याचं दुकान मले दिसलं नाई पायजे. कोनाले एक शब्द सांगाल तर पाहा." मी कबूल झालो. पोरीचा प्रश्न होता, मी काय दुश्मन आहे काय? तिने खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, दारावरच्या "स्टुडिओ"वर कॅलेंडर टांगलं. बादली मात्र फेकायचं माझ्या जिवावर आलं, इतक्या दिवसांनी नेमकं पाणी तयार झालं होतं. मी ती मोरीजवळ शेवग्याच्या मागे सरकवली आणि वर ताट झाकलं. हिरड्याचं कापड दोरीवर होतं. ते मला कापड वाटलंच नाही, इतकी त्याची सवय झाली होती.

मंडळी आली. चहा झाला, आलूपोहे झाले, चिवडा झाला. दुर्गेश्वरी येऊन बसली. हेमेंद्रने तिला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मध्ये मध्ये मोबाईल पाहात राहिला. बोलणी चांगली चालली होती. इंद्रकुमारजी मोठे गप्प माणूस, पांढरा झब्बा, पांढऱ्याशुभ्र मिशा, त्यांनी फक्त पोहे खाल्ले आणि हात धुवायला मागे गेले. विजेची लाईन गेली होती, म्हणून नळाला पाणी नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शेवग्यामागची बादली दिसली. पाणी गढूळ होतं पण आपण शहरातून खेड्यात आलो, असंच असेल, असं समजून भला माणूस काही बोलला नाही. हात धुतले, तोंडावरही फिरवले. दोरीवरचा ओलसर पिवळा टॉवेल घेऊन हात पुसले, मिशा पुसल्या, आणि येऊन खुर्चीवर बसले.

गीताबाई आमच्या पोरीला विचारत होत्या की गुळाची पुरणपोळी करते की साखरेची. बोलता बोलता त्यांची नजर नवऱ्याकडे गेली आणि त्या जागीच थांबल्या. इंद्रकुमारजींचे हात मनगटापर्यंत राखाडी झाले होते आणि आम्ही पाहात असताना आणखी काळे होत होते. मिशीची डावी बाजू काळी, उजवी पांढरी. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका. "अजी, ये क्या हो गया आपको!" असं म्हणून त्या किंचाळल्या. हेमेंद्र उठून दोन पावलं मागे सरकला. निर्मलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं ना, ऑपरेशन फार चांगलं झालं आहे.

मी म्हणालो, घाबरू नका, विष नाही, हिरडा आहे, पोटात घेतला तरी चालतो. कोणाचा विश्वास बसला नाही. दुर्गेश्वरी साबण घेऊन धावली, लिंबू चोळलं, काही थोडं गेलं, बाकीचं तसंच. ओशाळून ओशाळून मी खाली पाहात उभा होतो. आता हा माणूस उठेल, गाडीत बसेल आणि माझ्या पोरीचं लग्न त्या गाडीमागच्या धुळीत जाईल, एवढंच मला दिसत होतं. इंद्रकुमारजींनी दोन्ही हात उन्हात धरले. उलटे केले, सुलटे केले. वास घेतला. मग त्या दिवसातलं त्यांचं पहिलं लांब वाक्य ते बोलले.

"बादली में क्या था?"

"लोखंड," मी म्हणालो. "गंजके खिळे."

"और कपड़े में?"

"हिरडा."

"कपड़ा पीला था। पानी भूरा था। तो ये काला आया कहाँ से?"

मी सांगायला लागलो आणि निर्मलाबाईने सांगायला बंदी घातलेला तो एक शब्द, आणि त्यामागचे सगळे शब्द, सांगून बसलो. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, अर्धा मोरीवर उरलेल्या हिरड्याच्या पाण्यात बुडवला आणि मग स्वतः जाऊन लोखंडाच्या बादलीत सोडला. रुमाल काळा होताना तो माणूस असा वाकून पाहात होता की त्याचा चष्मा बादलीत पडला. "तीन पीढ़ी से लोहा बेच रहे हैं," ते म्हणाले, "किसी ने बताया नहीं कि इसमें रंग है।" गीताबाई म्हणाल्या, अजी, लडकी देखने आए हैं हम. ते म्हणाले, हाँ, तुम देखो, मैं आता हूँ. आणि निर्मलाबाईपुढे काळा हात पसरून त्यांनी खोलीची किल्ली मागितली. होणाऱ्या व्याह्याला नाही कसं म्हणायचं? तिने कमरेची किल्ली काढून दिली. मला त्या वेळी तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

आत गेल्यावर त्यांनी मासोळीची मच्छरदाणी पाहिली, तीन पायांचा कोंबडा पाहिला, सागाची पानं बोटाने चाचपली. टेबलावर माझं लांब कापड पसरलेलं होतं, खाकीवर लुगड्याचे तुकडे, त्यावर टाके, वर्षभर चाललेलं. त्यांनी विचारलं, ये क्या बन रहा है? मी म्हणालो, मालूम नाही. ते हसायला लागले. म्हणाले, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की त्याला कोणत्या मापाचा खिळा पाहिजे आणि कशासाठी पाहिजे. "आज पहला आदमी मिला जिसको मालूम नहीं।" मग त्यांनी सुई मागितली. हेमेंद्र दोनदा दारात येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने कापड पाहून विचारलं, "अंकल, इसका मार्केट क्या है?" मी तेही मालूम नाही म्हणालो, पण या वेळी कोणी हसलं नाही. मंडळी गेली तेव्हा ऊन उतरलं होतं.

दोन दिवसांनी दुर्गेश्वरी गोंद्याहून फोनवर म्हणाली, "मले नाई पसंत." कारण विचारलं तर म्हणाली, नाही पसंत तर नाही पसंत. निर्मलाबाईने मात्र मनाशी ठरवून टाकलं की असं नाहीच. पोरीने नकार दिला तो लाजेपायी, बापाने होणाऱ्या सासऱ्याचं तोंड काळं केलं, मग पोरगी कोणत्या तोंडाने त्या घरी जाईल? गावातही तेच झालं. किराणा दुकानात गेलो तर दुकानदार माझ्या हाताकडे पाहून वजन करायचा. भुवनेश्वरचं तर तुला माहीतच आहे. मित्रा, हसण्यावारी नेऊन राहिलो पण ते दिवस मला फार जड गेले. निर्मलाबाई भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती बोलेचना. ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. एका संध्याकाळी मी मागे गेलो तर ती पोरीसाठी आणून ठेवलेली लगनाची साडी परत घडी करून पेटीत ठेवत होती. मला पाहून म्हणाली, "तुमच्या खेळापायी माया पोरीचं घर बसलं नाई." ती चूक म्हणत नव्हती असंच मलाही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी बादली खड्ड्यात ओतली, कापडं पोत्यात भरली, आणि दारावरचं "स्टुडिओ" खरडायला लागलो. निळा रंग पक्का होता. "स्टु" तेवढं निघालं. उरलेलं "डिओ" घेऊन काय करावं याचा विचार करीत बसलो होतो, तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला.

इंद्रकुमारजी. एकटे. रविवार होता. पायाशी एक पोतं, ते त्यांनी उतरवून धडकन अंगणात टाकलं. आत त्यांच्या दुकानाच्या माळ्यावरचा सारा गंजका माल, साखळ्या, वॉशर, मोठमोठे बोल्ट, कब्जे, एक जुना तराजूचा काटा. काखेत पांढरं सुती कापड. मिशी अजून अर्धी करडी. निर्मलाबाई दारात येऊन उभी राहिली. आता यांना काय म्हणायचं? व्याही म्हणावं तर सोयरीक नाही. परके म्हणावं तर पोतं उतरवून बसले. ती सरळ विचारती झाली, "तुमचं-आमचं तं काही जमलं नाई. मंग तुमी कायले आले जी?"

ते थोडे गडबडले. मग म्हणाले, "बाई, लड़का-लड़की का वो लोग जाने। पर मेरा क्या? मुझे तो ये देखना है कि जंजीर का क्या छपता है।"

दुर्गेश्वरी सुट्टीवर आली होती. ती आतून इतकी जोरात हसली की निर्मलाबाईला रागात उभं राहता येईना. "आई, येऊ दे त्यांना, त्यांनी काय केलं?" ती म्हणाली. निर्मलाबाई आत गेली. चहा आला, पण स्टीलच्या पेल्यात, बशीशिवाय. आम्ही पोत्यातली कापडं परत काढली. साखळी ओल्या कापडात गुंडाळून, व्हिनेगर शिंपडून, वर दगड ठेवून दिला. हे काम दिवस घेते, घाई केली तर काहीच उमटत नाही, तेव्हा त्यांना पुढच्या रविवारी येणं भागच होतं. आले. साखळी उमटली होती, एकेक कडी सोनेरी-तपकिरी, कडांना धूर निघाल्यासारखी. आम्ही दोघं म्हातारे त्या कापडाच्या दोन टोकांना धरून अंगणात उभे होतो आणि दोघंही कड्या मोजत होतो.

त्यानंतरच्या रविवारी चहा कपबशीत आला. गीताबाईही एकदा आल्या, नवरा दर आठवड्याला जातो कुठे हे तपासायला, आणि निर्मलाबाईशी ओसरीवर बसून दोघींनी आम्हां दोघांना मनसोक्त नावं ठेवली. फार वर्षांनी निर्मलाबाईला मनासारखं बोलायला कोणी भेटलं. हेमेंद्रचं पुण्यातच ठरलं म्हणे, मुलगी त्याच्याच कंपनीतली आहे. सगळे खूष आहेत.

आणि मागल्या रविवारची गोष्ट सांगून संपवतो. इंद्रकुमारजी आणि मी आत बसलो होतो. निर्मलाबाई दारात आली. हातात तिच्या आईचा जुना विळा, मूठ तुटलेला, गंजून कोळसा झालेला. आमच्याकडे न पाहता तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा ठेवून पाहा." आम्ही ठेवला. काल सोडला. कापडावर विळ्याची कोर उमटली, धारेच्या बाजूने लाल, पाठीकडे काळपट, आणि मुठीच्या जागी नुसता एक डाग. निर्मलाबाईने ते कापड दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे केलं. मला वाटलं आता रडेल. पण ती बारीक नजरेने पाहात राहिली, मग म्हणाली, "अजून कायचं कायचं उमटते?" आणि घरात गेली. आतून डबे हलवल्याचे, पेट्या उघडल्याचे आवाज बराच वेळ येत होते. सध्या आमच्या घरात कोयता, अडकित्ता, उलथनं यातलं काही जागेवर सापडत नाही.

तेव्हा मित्रा, सोयरीक मोडली हे खरं नाही. जमली, पण भलत्याच माणसांची. वहिनींना पुन्हा नमस्कार. शिव्यांबद्दल माफ केलं आहे.

तुझा,
उदाराम

ता. क. आता खरी गोष्ट. पत्र लिहायला बसलो ते यासाठीच, पण एकदम कसं लिहायचं म्हणून वर एवढं लिहावं लागलं. काल कापड वाळत घालताना दुर्गेश्वरीने मला सांगितलं की तिने मुलगा आधीच पाहून ठेवला आहे. ओमेश नाव, तिच्याच दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता, गेल्या वर्षी राजनांदगावला लागला. म्हणजे होळीच्या आधीपासून! म्हणजे इंद्रकुमारजींचे हात दुधासारखे पांढरे राहिले असते तरी ही "नाई"च म्हणणार होती, आणि मी फुकट बादली ओतली, फुकट "स्टु" खरडला! मी तिला म्हणालो, अगं, तेव्हाच सांगायचं ना. ती म्हणाली, आई एवढी तुमच्यावर चिडली होती, त्यात माझं कुठे सांगू? निर्मलाबाईला अजून माहीत नाही. ती हल्ली चांगल्या मूडमध्ये आहे, तेवढ्यात उरकलं पाहिजे.

तर तुझ्याकडे काम असं. तुझ्या घरापासून तो दवाखाना जवळ आहे. तू एखाद्या दिवशी ब्लड प्रेशर दाखवायच्या निमित्ताने जा. माझा दोस्त आहेस हे सांगू नको, अनोळखी पेशंट म्हणून बस. पगार, घर, शेती हे काही विचारू नको. एवढंच पाहा की पोरगं म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलते, आणि आपणहून एखादा प्रश्न विचारते की नाही. ज्याला काहीच विचारावंसं वाटत नाही असा जावई मला नको. तू सोंग चांगलं करतोस, स्टँडवर उभ्या गाडीत चेकिंगवाला चढला की झोपेतून उठून कसा ताठ बसायचास. तसाच बस.

ता. क. दुसरा (हे बाबांचं अक्षर नाही, माझं आहे). काका, नमस्कार. पाकीट चिकटवून टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही जा, नक्की जा, पण सोंग करू नका, ओमेशला तुमचा फोटो मी पाठवून ठेवला आहे. उपाशीपोटी या म्हणाला, साखरही तपासून घेईल. तुम्ही ब्लड प्रेशरच्या गोळ्या खिडकीतून टाकता हे काकूंनी मला सांगितलं आणि मी त्याला सांगितलं. बाबांना हवे तेवढे प्रश्न तो विचारेल. उत्तरं तेवढी तयार ठेवा.

तुमची, दुर्गेश्वरी